कर्णाच्या पाठीवरची निरगाठ

नमस्कार, श्रोतेहो. आजच्या भाषणासाठी मला मिळालेला विषय फार ऐसपैस आहे: पुराणांतले वीर, साहसकथांतले नायक आणि अलीकडचे सुपरहिरो. या सर्वांना दहा मिनिटांत उभे करायचे म्हटले तर हा स्टुडिओ पुरायचा नाही, म्हणून त्यांच्या अंगावरची एकच जागा मी आज निवडली आहे. ती जागा म्हणजे वर्म. जिथे घाव बसला की वीर कोसळतो, ते वर्म. माझे म्हणणे एवढेच आहे की कथा सांगणाऱ्याला वीराचे बळ पुरत नाही, त्याला वर्म लागते. आणि एखाद्या वीराच्या मूळ कथेत ते नसेल, तर पुढचा कोणीतरी कथेकरी ते आणून बसवतोच.

अकिलीजची टाच सर्वांना ठाऊक आहे. आईने त्याला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवले, पाणी लागलेले सारे अंग अभेद्य झाले आणि टाच तेवढी कोरडी राहिली, असे आपण शाळेत ऐकलेले असते. परंतु होमरच्या महाकाव्यात ही टाच कुठेही नाही. तिथला अकिलीज जखमी होतो, त्याच्या हाताला भाला लागून रक्तही येते. नदीत बुडवण्याची गोष्ट लिहिलेली सापडते ती होमरनंतर कित्येक शतकांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, स्टेशियस नावाच्या रोमन कवीकडे. आपल्याकडे दुर्योधनाचे तेच झाले. गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून त्याच्याकडे पाहिले, तो लाजून कंबरेला काही गुंडाळून आला होता, म्हणून मांडी कच्ची राहिली, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. व्यासांच्या महाभारतात ती नाही. व्यासांकडे दानव दुर्योधनाला सांगतात की तुझ्या देहाचा वरचा भाग वज्राचा आहे आणि खालचा भाग पार्वतीने फुलांचा घडवलेला आहे. मी पट्टीची गोष्ट खोडून काढायला बसलेलो नाही. माझ्या आजीने ती मला सांगितली आहे आणि मीही नातवंडांना तीच सांगतो.

जर्मन महाकाव्यातल्या सीगफ्रीडची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. ड्रॅगनच्या रक्तात न्हाऊन त्याची कातडी शिंगासारखी कठीण झाली, मात्र न्हाताना लिंडन वृक्षाचे एक पान दोन खांद्यांच्या मध्ये चिकटले होते आणि तेवढी जागा मऊ राहिली. त्याच्या बायकोने, नवऱ्याचे रक्षण व्हावे या भोळ्या हेतूने, ती जागा शत्रूला सांगितली आणि अंगरख्यावर नेमक्या त्याच ठिकाणी रेशमाचा एक छोटा क्रूस शिवून दिला. भाला तिथेच बसला. पाठीवरच्या त्या खुणेवरून मला दुसरी एक पाठ आठवते. ती पाठ मी स्वतः पाहिली आहे आणि तिची हकिगत सांगता यावी म्हणूनच, खरे सांगायचे तर, मी हे भाषण स्वीकारले.

माझे आजोळ कुडाळकडचे. मी नऊ वर्षांचा असताना तिथल्या जत्रेला दशावताराचे नाटक पाहायला गेलो होतो. ज्यांनी दशावतार पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की तिथे पडदे नसतात, नेपथ्य नसते, लिहिलेले संवादही नसतात. देवळासमोरची मोकळी जागा, चादर घातलेले एक लाकडी बाकडे, बाजूला हार्मोनियम, मृदंग आणि झांज, एवढा संसार. बाकडे हेच सिंहासन, हाच रथ आणि हाच हिमालय. आख्यानाचा आराखडा ठरलेला असतो आणि बोलायचे काय, ते नटाने उभ्याउभ्या रचायचे असते. (आता काही प्रयोग सभागृहात दोन तासांत गुंडाळतात. ते मला पटत नाही. रात्र चढावी, लहान मुले आईच्या मांडीवर झोपावीत, युद्धाच्या मृदंगाने दचकून जागी व्हावीत, हा त्या नाटकाचाच भाग आहे.)

त्या रात्री कर्णाचे आख्यान होते. कर्णाचे काम करणारे गृहस्थ अंगाने भरदार होते. त्यांचे कवच पुठ्ठ्याचे होते, वरून सोनेरी कागद चिकटवलेला, आणि ते मागच्या बाजूने तीन सुती नाड्यांनी बांधलेले होते. मी बाकड्याच्या मागच्या अंगाला, वादकांच्या शेजारी बसलो होतो, त्यामुळे समोरच्यांना राजाचा मुकुट दिसत होता आणि मला राजाच्या पाठीवरच्या गाठी.

ब्राह्मणाच्या वेषातला इंद्र आला. त्याने दान मागितले. कर्णाने गाई, सोने, राज्य, सारे देऊ केले. इंद्राने मान हलवली आणि कवचकुंडलेच मागितली. हार्मोनियम थांबली. कर्णाने कुंडले काढून दिली. ती चापाची होती, चटकन निघाली. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. वरची गाठ सुटली, खालचीही सुटली, मधली मात्र हलेना. रंगपटात कोणीतरी घाईत बांधताना सुरगाठ मारली असणार, आणि चार तासांच्या घामाने भिजून, नाचताना ताणली जाऊन, तिची निरगाठ बसली होती. त्यांची बोटे ती गाठ चाचपत होती, नख लावून पाहत होती, आणि समोर चेहऱ्यावर दानशूराचे स्मित कायम होते. हा प्रकार मला एकट्याला मागून दिसत होता.

लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. खसखस पिकली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईला मात्र अजिबात हसू येत नव्हते. ती उठून उभी राहिली आणि कळवळून म्हणाली, "सुटना नाय तर काप मां ती, पुता! कित्याक हाल करून घेतंस?" हशा आणखी वाढला. दुसरा नट असता तर आत पळाला असता. कर्णाने हात सोडले, बाकड्यावर ताठ बसले आणि इंद्राकडे पाठ करून खणखणीत आवाजात म्हणाले, "विप्रवर, देणाऱ्याचे देऊन झाले आहे. आता घेणाऱ्याने एक गाठ तरी स्वतःच्या हाताने सोडावी."

हसणे जागच्या जागी थांबले. इंद्राचे काम करणारा नटही काही कमी नव्हता. तो पुढे झाला, गाठीशी झटापट करू लागला आणि म्हणाला, "राजा, ही गाठ तुझ्या पित्याने मारलेली दिसते. सूर्याची गाठ इंद्राला सुटत नाही!" मृदंगवाल्याने त्यावर एक थाप दिली. शेवटी इंद्राला गुडघे टेकावे लागले. त्याने वाकून, दातांनी ती नाडी ओढून काढली. श्रोतेहो, हे चित्र डोळ्यांसमोर आणा: सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला राजा बाकड्यावर ताठ बसला आहे, आणि देवांचा राजा त्याच्या पाठीशी वाकून दातांनी गाठ सोडतो आहे. कवच सुटून खाली पडले, पुठ्ठ्याचा बद्द असा आवाज झाला, आणि आतल्या घामेजलेल्या बनियनवर जिथे गाठ रुतली होती तिथे चिंचोक्याएवढा खळगा दिसला. मला कर्ण कळला तो त्या खळग्यामुळे. पुढे मी महाभारताची भाषांतरे वाचली, व्याख्याने ऐकली, पण कर्ण म्हटले की मला मुकुट आठवत नाही, ती पाठ आठवते.

आता गंमत पाहा. त्या म्हाताऱ्या बाईचे म्हणणे व्यासांना धरून होते. महाभारताच्या वनपर्वात कर्ण आपले सहज, म्हणजे जन्मतः अंगाला असलेले, कवच शस्त्राने कापूनच काढतो आणि कापताना त्याचा चेहरा जराही बदलत नाही. त्या कापण्यावरून त्याला वैकर्तन हे नाव पडले. आणि हेही पुन्हा सांगतो, कारण लोक ते विसरतात: कर्णाची फसवणूक झालेली नाही. सूर्याने आदल्या वेळी स्वप्नात येऊन त्याला सावध केले होते की येणारा ब्राह्मण म्हणजे इंद्र आहे. कर्णाला सारे ठाऊक होते. इतरांचे वर्म अपघाताने उरते, टाच कोरडी राहते, पान चिकटते. कर्णाने मात्र आपले वर्म स्वतःच्या हाताने तयार केले. बदल्यात मिळालेली अमोघ शक्ती एकदाच वापरायची होती आणि तीही युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडली.

साहसकथांकडे आता भरभर जाऊ. तिथल्या नायकाला कवच नसतेच, म्हणून त्याचे वर्म शरीराबाहेर शोधावे लागते. 80 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज लावून निघालेल्या ज्यूल व्हर्नच्या फिलिअस फॉगचे वर्म म्हणजे घड्याळ. मुंबईत मलबार हिलवरच्या देवळात त्याचा नोकर बूट घालून शिरतो आणि पुजाऱ्यांचा मार खातो, त्यापायी कलकत्त्यात खटलाही होतो, पण जामिनावर निभावते. पण पूर्वेकडे जात राहिल्याने एक दिवस हाती जादा आला आहे, हे या काटेकोर माणसाच्या लक्षात येत नाही आणि जिंकलेली पैज तो हरल्यातच जमा धरतो. इंद्रजाल कॉमिक्समधून 1964 पासून आपल्याकडे आलेला वेताळ, म्हणजे 1936 चा मूळचा फँटम, याचीही तीच तऱ्हा. जंगल त्याला अमर समजते, वस्तुतः तो एकविसाव्या पिढीतला साधा मर्त्य माणूस असतो. मरण येते हेच त्याचे गुपित, आणि ते लपवणे हीच त्याची सगळी ताकद.

सुपरमॅनपाशी मात्र थांबायला हवे, कारण तो आमच्या रेडिओचा माणूस आहे. 1938 च्या जूनमधल्या अंकात तो प्रथम आला तेव्हा त्याला उडताही येत नव्हते, लांब उड्या तेवढ्या मारता येत. पुढे लेखक त्याला एकेक शक्ती देत गेले आणि अशा वीराचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट हा दगड चित्रकथेत 1949 साली आला, परंतु त्याआधी सहा वर्षे, 1943 साली, तो रेडिओवरच्या श्रुतिकेत आलेला होता. सुपरमॅनचा आवाज देणाऱ्या बड कॉलियर यांना रजा घेता यावी म्हणून हा दगड शोधला गेला, अशी आख्यायिका आहे: नायक दगडाजवळ बेशुद्ध पडलेला, आणि दुसराच कोणीतरी माइकपाशी कण्हतो आहे! आख्यायिका बाजूला ठेवली तरी दगड रेडिओवर जन्मला हे मला अगदी स्वाभाविक वाटते. पर्वत उचलला, हे रेडिओवर कसे दाखवणार? निवेदकाने सांगितले की उचलला, म्हणून उचलला. बळ ऐकू येत नाही. धाप ऐकू येते, अडखळलेला शब्द ऐकू येतो, कण्हणे ऐकू येते. कॉलियर याच कानाच्या हिशेबाने काम करत. क्लार्क केंटचे, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातल्या सुपरमॅनचे, वाक्य ते बारीक, भिडस्त आवाजात सुरू करत आणि मध्येच आवाज खाली उतरवून सुपरमॅनच्या खर्जात पुरे करत; वेष बदलल्याचे श्रोत्याला तेवढ्यावर समजे.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे, तेव्हा कुडाळचे राहिलेले सांगून टाकतो. पुढच्या वर्षीच्या जत्रेला तीच मंडळी आली, गावकऱ्यांनी आग्रहाने तेच आख्यान लावायला सांगितले, आणि मी मुद्दाम आदल्या वर्षीच्याच जागी, बाकड्याच्या मागे जाऊन बसलो. कर्णाचे कवच नवे होते. वर एक पितळी हूक होता, खाली एक हूक होता, आणि मधोमध मात्र सुती नाडीच होती, घट्ट निरगाठ मारलेली. नमस्कार.