यकृताचे तीन अंगरक्षक

मित्रहो, फलकावर विषय लिहिलाय, 'औषधांपासून यकृताचं रक्षण आणि नैसर्गिक पूरकं'. त्याकडे येतोच. आधी आमच्या मेहुण्यांची गोष्ट. ते आज सभागृहात नाहीत, मी दारातच पाहून घेतलं.

त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. आतल्या कागदावर 'यकृत' हा शब्द दिसला मात्र, यांनी यकृताला अंगरक्षक नेमले. एक नव्हे, तीन! कर्क्युमिनच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क आणि 'डिटॉक्स' म्हणून कसलंसं चूर्ण. दोन-अडीच महिन्यांत डोळे पिवळे, एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजाराच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेता? हे म्हणाले, "एकच गोळी." मी शेजारी बसलेलो. जन्मभर औषधशास्त्र शिकवलं, पण "आणखी काही?" एवढं विचारायचं मलाही सुचलं नाही. गोळी बंद केली, तरी आकडे उतरेनात. शेवटी ताईनं पिशवी आणून टेबलावर उपडी केली. मेहुण्यांचा चेहरा निरागस: "अहो, पण ती औषधं कुठं आहेत? ती तर लिव्हरसाठीच!" (हशा) हसू नका. तुमच्यातले किती जण असलं काही घेतात? हात वर करा. ...बघा!

तिघांना रजा दिली, आकडे उतरले. गोळी पुन्हा सुरू झाली, ती आजही चालू आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग भरभर सांगतो. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एनएपीक्यूआय नावाचं विष होतो. यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निष्प्रभ करतं. अतिमात्रा झाली की तो साठा संपतो, पेशी मरतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध तो साठा भरून काढतं. ८ तासांच्या आत दिलं तर उत्तम. खरं संरक्षण हे, आणि ते रुग्णालयात, मात्रा मोजून. 'आधीच घेऊन ठेवतो, मग गोळ्या कितीही खातो' असा त्याचा अर्थ नाही.

सिलिमारिन. मिल्क थिसलच्या बियांतलं. त्यातलं सिलिबिनिन विषारी अळंबीच्या बाधेत शिरेतून देतात, म्हणून कॅप्सूलचा गाजावाजा. पण रोजच्या औषधांपासून ती वाचवते, असा भक्कम पुरावा नाही.

कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्यात मिऱ्यातलं पिपरीन घालतात. शोषण वाढतं, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. जेवणातली हळद वेगळी, हा डोस वेगळा. ग्रीन टीचंही तेच: कपातला चहा राहू द्या, पण पूरकातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य, गेलं तर रक्तात यकृताचे एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये म्हटलंय. आणि क्षयाची औषधं चालू असतील तर मळमळ, कावीळ दिसताच डॉक्टरांकडे जा. मनानं काही जोडू नका, काही सोडूही नका.

काय? कॉफी? ती पिणाऱ्यांत सिऱ्होसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होणं, कमी आढळतो, पण ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हेत. आवडत असेल तर प्या. हं, घ्या हा माइक.