पाळणा त्यांचा, मुक्काम कुणाकडं?

एप्रिलची 10 तारीख आली की बेळगावातल्या शाळा बंद. मराठी मिडीयम असू दे नाहीतर कन्नड, सुट्टीचं कॅलेंडर कर्नाटक सरकारचं, त्यामुळं मे महिना संपता संपता पोरं परत वर्गात. आणि तिकडं कोगनोळीचा टोलनाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलात की तिथल्या पोरांची एप्रिलमध्ये अजून परीक्षाच चाललेली असते, त्यांची शाळा उघडणार जूनच्या मध्याला. म्हणजे कोल्हापूरच्या आत्याची पोरं आणि बेळगावची पोरं, दोघांना एकत्र सुट्टी ती काय ती मे महिन्यात. दसऱ्याला तर अजून गंमत. आपल्याकडं मोठी सुट्टी लागलेली असते आणि तिकडं सहामाहीची गडबड, मग दिवाळीला ते मोकळे झाले की आपली पोरं दोन-चार दिवसात परत दप्तर उचलून शाळेला.

थीम पार्कच्या व्हिडिओत हे शाळेचं काय घेऊन बसलाय असं वाटत असेल. खरं पार्कवाले पण हेच घेऊन बसलेले असतात. कुठल्या राज्याची सुट्टी कधी लागती, शनिवार-रविवारला जोडून काय येतंय, त्यावर तिकिटाचा रेट वर-खाली होतो, ऑफर निघतात, शाळांच्या ट्रिपला वेगळा भाव मिळतो. पाळणा तोच, वेळ तेवढीच, फक्त तुम्ही मंगळवारी आलात का रविवारी त्यावर पैसे.

आता नकाशा बघा. बेळगावातून हायवे धरला, आत्ताचा एनएच 48, आपले लोक अजून एनएच 4 च म्हणतात, तर वर पुणे ओलांडून खोपोलीजवळ इमॅजिका, आणि खाली बेंगळुरू ओलांडून म्हैसूर रोडवर बिडदीला वंडरला. बेळगाव ते बेंगळुरू साधारण 500 किमी, मुंबई पण जवळपास तेवढीच. दोन मोठी पार्कं आणि आपण मधोमध, त्यामुळं निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथल्या घरात सुट्टीचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात.

या दोन पार्कांच्या मागं पैसा कुठनं आला ते बघण्यासारखं आहे. तुमच्या घरात फ्रीजच्या मागं व्ही-गार्डचा स्टॅबिलायझर असेल तर वंडरलाशी तुमची ओळख जुनीच आहे. कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी 1977 ला केरळात व्ही-गार्ड काढली, मग 2000 साली कोचीला वीगालँड नावाचं पार्क केलं, आणि 2005 ला बिडदीचं वंडरला. या लोकांची पद्धत सावध. बऱ्याच राईड स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवायच्या, कर्ज कमी ठेवायचं, एक पार्क चाललं की दुसरं. मग 2016 ला हैदराबाद, 2024 ला भुवनेश्वर, 2025 च्या शेवटी चेन्नई.

इमॅजिकाची गोष्ट एकदम उलटी. मनमोहन शेट्टी हे सिनेमावाले, ॲडलॅब्स म्हणजे फिल्म धुऊन प्रिंट काढायची लॅब. त्यांनी एप्रिल 2013 मध्ये खोपोलीला इमॅजिका उघडलं ते थाटात, मोठं कर्ज काढून, बाहेरनं राईड आणून. नायट्रो नावाचा तो रोलर कोस्टर, पाय खाली लोंबकळत राहतात तो, स्वित्झर्लंडच्या कंपनीचा आहे. पुढच्या वर्षी वॉटर पार्क, नंतर स्नो पार्क. दिसायला एक नंबर, खरं माणसं अपेक्षेएवढी आली नाहीत आणि व्याज काही थांबत नाही. शेवटी 2022 ला कंपनी गेली संगमनेरच्या मालपाणींकडं. मालपाणी म्हणजे गाय छाप जर्दा! शिर्डी आणि लोणावळ्याचं वेट अँड जॉय वॉटर पार्क त्यांचंच. निपाणीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या तंबाखूत गेल्या त्यांना हे सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, आपल्या निपाणीत का नाही झालं एखादं? प्रश्न चुकीचा नाही, उत्तर मात्र मालपाणींनाच माहीत.

मधेच सांगतो, 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा या पार्कांच्या तिकिटावर 28 टक्के लागला होता, जानेवारी 2018 ला तो 18 वर आला. चार-पाच जणांच्या तिकिटात हा फरक खिशाला कळतो.

बरं, मग ही दोघं एकमेकांशी भांडतात कशावरनं? उंच पाळणा कुणाचा, फास्ट कोस्टर कुणाचा? जाहिरातीत तसंच दिसतं. खरी लढाई बघायची असेल तर हिचं मूळ गाव बघायला पाहिजे, अमेरिकेतलं ओरलँडो.

तिथं डिस्नेनं 1960 च्या दशकात वेगवेगळ्या नावाच्या कंपन्या काढून गुपचूप जमीन घेतली. मालक कोण ते कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर भाव चढले असते, आणि 1965 च्या ऑक्टोबरात पेपरात नाव फुटल्यावर चढलेच. तोवर 27,000 एकराच्या आसपास हातात आले होते, म्हणजे जवळजवळ 110 चौरस किलोमीटर. 1 ऑक्टोबर 1971 ला पहिलं पार्क उघडलं. एवढी जमीन कशाला? पाळण्यांना लागत नाही तेवढी. ती लागते हॉटेलला, हॉटेल ते पार्क रस्त्याला, आणि बाहेरच्या माणसाचं दुकान नजरेत पण येऊ नये म्हणून.

मग युनिव्हर्सल आलं. सिनेमाचा स्टुडिओ दाखवायचा पार्क करायचा त्यांचा बेत होता, डिस्नेनं 1 मे 1989 ला तशाच धर्तीचं आपलं पार्क आधी उघडून टाकलं. युनिव्हर्सलचं उघडलं 7 जून 1990 ला आणि पहिल्याच दिवशी मोठमोठ्या राईड बंद पडल्या, सिनेमातला शार्क, भूकंप, किंग काँग ते मोठं माकड, सगळ्यांनीच दगा दिला. लोकांना परत यायची फुकट तिकिटं वाटायची वेळ आली. त्यानंतर कितीतरी वर्षं युनिव्हर्सल म्हणजे डिस्नेला आलेला माणूस मधला एक दिवस काढून जातो ते ठिकाण. ओरलँडोला लोक आठवडाभर राहायचे, आठवडा डिस्नेचा, एक दिवस यांचा.

आता डिस्नेची चाल बघा, ही मला सगळ्यात आवडती. 2005 ला त्यांनी एअरपोर्टवरनं फुकट बस चालू केली. डिस्नेच्या हॉटेलात रूम घेतली असेल तर बॅग पण उचलायची नाही, बॅग डायरेक्ट रूममध्ये. किती चांगले लोक असं वाटतं ना? आता त्या फॅमिलीनं गाडी भाड्यानं घेतली नाही. गाडी नाही म्हणजे युनिव्हर्सलला जायचं तर टॅक्सी करा, पोरं आवरा, जाऊ दे की, इथंच बघूया अजून एक पार्क. फुकटच्या बसनं समोरच्या पार्कचा दिवस खाल्ला. ही बस 2022 च्या सुरुवातीला बंद केली.

युनिव्हर्सलनं उत्तर दिलं ते 18 जून 2010 ला, शेजारच्या आपल्या दुसऱ्या पार्कात हॅरी पॉटरचं अख्खं गाव उभं करून. राईड होतीच, खरं लोक रांगा लावायला लागले ते त्या गोष्टीतली बटरबिअर प्यायला आणि जादूची काठी विकत घ्यायला. 2009 साली त्या पार्कात अंदाजे 46 लाख माणसं आली होती, 2011 ला तो आकडा 76 लाखांच्या पुढं. 2014 ला पॉटरचा दुसरा भाग केला तो मुद्दाम 1990 च्या जुन्या पार्कात, मधे एक ट्रेन, आणि ट्रेनमध्ये बसायचं तर दोन्ही पार्कांचं तिकीट पाहिजे. हुशारी बघा! आणि 22 मे 2025 ला एपिक युनिव्हर्स नावाचं नवीन पार्क उघडलं, सोबत नवीन हॉटेलं. आता त्यांना एक दिवस नकोय, अख्खा आठवडा पाहिजे.

म्हणजे पाळणा हे निमित्त. तुम्ही रात्री झोपता कुठं, त्यावर सगळा खेळ. रात्र ज्याची, सकाळचा नाश्ता त्याचा, दुसऱ्या दिवसाचं तिकीट त्याचं, संध्याकाळी पोरगं हट्ट करून घेतंय ते खेळणं पण त्याचंच.

आपल्याकडच्या दोघांनी पण हेच केलं. बिडदीला 2012 ला वंडरलाचं रिसॉर्ट झालं, इमॅजिकाच्या दारात 2015 ला नोव्होटेल हॉटेल. जेवण बाहेरनं आणायला बंदी दोन्हीकडं. चपाती आणि शेंगाची चटणी बांधून घेतलेल्या काकी-मावशींचा डबा गेटवर अडतो, मग गाडीत नाहीतर लॉकरमध्ये, आणि आत गेल्यावर जे मिळेल ते, त्यांच्या रेटनं. पाण्यात उतरायला नायलॉनसारखेच कपडे लागतात, नसतील तर तिथंच दुकान आहे. वंडरलात पोराचं तिकीट वयावर नसतंय, उंचीवर असतंय, 140 सेंटीमीटरच्या वर गेला की सातवीतला पोरगा पण मोठा माणूस. घरातनं निघताना आया पोरांना दाराच्या चौकटीला उभं करून मोजतात ते उगीच नाही.

खरं बेळगावची फॅमिली या सगळ्या प्लॅनिंगला पुरून उरते. कारण आपली रात्र गाडीत जाते. संध्याकाळी स्लीपर कोच नाहीतर राणी चन्नम्मा एक्सप्रेस, सकाळी बेंगळुरू, तिथनं बिडदीची लोकल पकडायची, स्टेशनजवळ ती ताटाएवढी थट्टे इडली खायची, दिवसभर पार्क, रात्री परत गाडी. हॉटेलला एक रुपया नाही! आणि रात्र काढायचीच असली तर मावशी आहे की. बेळगावची निम्मी पोरं आज नोकरीला पुण्यात नाहीतर बेंगळुरूत आहेत, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की सीमाभागात कुठलं पार्क जिंकणार ते रोलर कोस्टरवर ठरत नाही, थोरल्या भावाला नोकरी कुठं लागली त्यावर ठरतं. हिंजवडीला लागली तर इमॅजिका, इलेक्ट्रॉनिक सिटीला लागली तर वंडरला. एवढी साधी गोष्ट कुठल्या मार्केटिंगवाल्याच्या कागदावर असेल का, शंका आहे.

वर राजकारण वेगळंच. डिसेंबर 2022 आणि फेब्रुवारी 2025, दोन्ही वेळेला सीमेवर वातावरण तापलं आणि दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या. पुण्याकडं जायचं तिकीट काढून ठेवलेल्यानं काय करायचं? अशा वेळी गुपचूप चोर्ला घाटानं गोवा. समुद्राला तिकीट नाही, उंचीची अट नाही, डबा पण चालतो. इमॅजिका आणि वंडरला दोघांना बेळगावात सगळ्यात जास्त कोण मारतं तर गोवाच, आणि त्याच्या जाहिरातीला एक पैसा लागत नाही.

एक गोष्ट मात्र बदलायला लागल्या. सप्टेंबर 2024 ला हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरनं सुरू झाली, आणि ऑगस्ट 2025 ला बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत. गाड्या झक्क, एसी, पोरं खुश. खरं दोन्ही पहाटे निघून दुपारी पोचतात. दुपारी पोचून पार्क काय बघणार, संध्याकाळी तर ते बंदच व्हायला येतं. म्हणजे त्या दिवशी मुक्काम आलाच, दुसऱ्या दिवशी पार्क, आणि परतीची गाडी दुपारची म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत अजून एक मुक्काम. इतकी वर्षं रिसॉर्ट बांधून, ऑफर देऊन जे जमलं नाही ते रेल्वेच्या टाईमटेबलनं आयतं करून दिलं. आता या दसऱ्याच्या सुट्टीत बेळगावकर मावशीकडं दोन रात्री राहतोय, रिसॉर्टला पैसे मोजतोय, का वंदे भारत सोडून परत राणी चन्नम्माचा वरचा बर्थ धरतोय, ते बुकिंग उघडलं की कळेल.