गिलवेल पार्क: आधी जमीन, मग तंबू

लंडनच्या ईशान्येला, एपिंग जंगलाला लागून गिलवेल पार्क हे स्काउटांचं छावणीचं ठिकाण आहे. इथे आनंदमेळा भरवायचा, तर आधी काय बघावं ते या जागेच्या गोष्टीतूनच कळतं. चिंगफर्ड स्टेशनपासून साधारण तीन किलोमीटर. स्काउटमास्तरांच्या ‘वुड बॅज’ प्रशिक्षणाचा पहिला वर्ग सप्टेंबर 1919मध्ये इथेच भरला.

ही जागा मॅक्लारेन नावाच्या स्कॉटिश स्काउट कमिशनरांनी दिलेल्या पैशातून घेतली. खरेदीला 7,000 पौंड, पडक्या वाड्याच्या डागडुजीला आणखी 3,000. लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या दाटीत वाढणाऱ्या पोरांना तंबू ठोकायला जवळ मैदान हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

एप्रिल 1919मध्ये साफसफाईला आलेल्या पहिल्या स्काउटांना तंबू मात्र ठोकताच आले नाहीत. जमीन पाण्याने भिजलेली. त्यांनी माळ्याच्या जुन्या खोपटात रात्र काढली आणि त्याला ‘डुकरांचा गोठा’ असं नाव ठेवलं. ते खोपट आजही उभं आहे.

इथे आनंदमेळा मांडायचा, तर धडा तोच: नकाशा काढण्याआधी पावसानंतर मैदान चालून बघा. बूट रुतला तिथे गाडी नको. ओल्या मातीवरून गाडी गेली की मातीतली हवा दाबून निघून जाते, पाणी मुरत नाही आणि दुपारपर्यंत वाटेचा चिखल होतो.

झाडांचं नुकसान याहून वाईट, कारण ते लगेच दिसत नाही. 2017मध्ये झाडं जपणाऱ्या वुडलँड ट्रस्ट या संस्थेच्या ‘वर्षातलं झाड’ स्पर्धेत इंग्लंडमधून निवडला गेलेला गिलवेलचा ओक इथेच आहे. झाडाची बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटीमीटर मातीत पसरलेली असतात, म्हणून दाब आधी त्यांच्यावरच येतो. फांद्या वाळायला लागतात त्या काही वर्षांनी, आणि तोवर मेळा कुणाच्या लक्षातही नसतो. इंग्लंडमध्ये पुरातन झाडाजवळ बांधकाम करताना जे माप पाळतात, तेच इथे घ्यावं: खोडाच्या व्यासाच्या 15 पट, किंवा फांद्यांच्या घेराबाहेर 5 मीटर, यातलं जे मोठं असेल ते. 1 मीटर जाड खोड असेल तर निदान 15 मीटर. त्या आत स्टॉल, जनरेटर, लांब खुंट्या, काहीच नको. सावलीसाठी सगळे झाडाखालीच जागा मागणार. म्हणून त्या अंतरावर झाडाभोवती दोरी आधीच बांधलेली बरी.

शेकोटी जमिनीवर नको. वाशांचा कंबरेएवढा चौथरा, वर मातीचा जाड थर, त्यावर आग. गवत वाचतं, मुळंही वाचतात.

प्रवेशाची कमान वासे आणि दोरी वापरून उभी करतात. काटकोनात बांधताना आधी एका वाशाला क्लोव्ह हिच ही गाठ, मग वाशांभोवती तीन वेढे, शेवटी दोन वाशांच्या मधून दोन आवळते वेढे. कमान डुगडुगते ती बहुधा या शेवटच्या दोन वेढ्यांत ढिलाई राहिल्यामुळे. उभी केल्यावर गर्दीत ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून आडवी असतानाच एकाने वासा पिळून बघावा. सांधा सरकला तर सोडून पुन्हा बांधायचा.