लाँग रन आधी, पार्टी नंतर

(दृश्य: रात्रीचे दिवे, गर्दी. कट. पहाटेचा मोकळा रस्ता.)

मॅरेथॉन, ट्रायथलॉन किंवा लांब पल्ल्याची सायकलिंग करणाऱ्या बहुतेकांच्या आठवड्यात एक ठरलेलं भांडण असतं. लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात लांब पळण्याचा सराव, रविवारी पहाटे आणि पार्टी शनिवारी रात्री. दोन्हींना सुट्टीच लागते, म्हणून दोन्ही एकमेकांना खेटून येतात. मग रात्री दोनला घरी, पाचला बूट, आणि पंचवीस किलोमीटर कसेबसे ओढायचे. याला चिवटपणा म्हणायची पद्धत आहे. खरं तर तो हिशेबातला घोळ आहे.

हिशेब असा. ४० टक्के तीव्रतेच्या मद्याच्या ६० मिलीलीटरच्या एका पेगमध्ये सुमारे १९ ग्रॅम अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीलीटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाने रात्री नऊला सुरुवात करून असे चार पेग घेतले, तर ७६ ग्रॅम अल्कोहोल शरीरात गेलं. रक्तातली पातळी ताशी साधारण ०.०१५ टक्क्याने उतरते. हा वेग यकृताच्या हातात आहे. कॉफी, गार पाण्याची आंघोळ किंवा घाम गाळणं यांपैकी कशानेही तो बदलत नाही. या हिशेबाने सगळं उतरायला साडेदहा तास लागतात, म्हणजे सकाळचे साडेसात. पहाटे पाचला रक्तात अजून ०.०४ टक्के शिल्लक असतं. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असतं, त्यामुळे तितक्याच वजनाला आणि तितक्याच पेगांना पातळी जास्त चढते आणि उतरायलाही जास्त वेळ लागतो.

पहाटे डोकं दुखत नाही म्हणून शरीर तयार आहे, असा अर्थ काढू नये. हँगओव्हर बहुतेक वेळा अल्कोहोल उतरत आल्यावरच जोर धरतो. पाचला बरं वाटणारा माणूस आठला, अठराव्या किलोमीटरला, रस्त्याच्या कडेला बसलेला दिसतो त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण साखरेचं. लांब पळताना स्नायूंमधलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी होत जातं, तेव्हा यकृत नवीन ग्लुकोज तयार करून रक्तातली साखर टिकवतं. अल्कोहोल मोडण्याचं काम चालू असताना नेमकी हीच निर्मिती मंदावते. त्यात रात्री जेवण निसटलेलं असेल तर साखर झपाट्याने खाली येते. चक्कर, थंड घाम, हातांची थरथर, आणि पाय एकदम रिकामे. ‘आज फॉर्म नव्हता’ म्हणून जे दिवस सोडून दिले जातात, त्यातले बरेच असे असतात.

(दृश्य: मनगटावरच्या घड्याळात झोपेचा आलेख.)

झोपेबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. दारूने झोप लवकर लागते, हे खरं. पण पुढचा अर्धा भाग तुटक होतो, स्वप्नांची झोप कमी होते, आणि नाडी रात्रभर चढी राहते. घड्याळ वापरणाऱ्यांना हे आकड्यांत दिसतं: विश्रांतीची नाडी वर, हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अंतरातली विविधता खाली. पार्टीत एक थेंबही न घेतलेल्या माणसाची झोपही दोनला घरी पोचल्यावर कमीच होते. चार तास उभं राहणं, नाचणं आणि मोठ्याने बोलणं हीसुद्धा मेहनतच आहे. पोटऱ्या आणि तळपाय ती दुसऱ्या दिवशी दाखवतात. नाचायला जाताना जरा पाय सामावतील असे बूट घातले, तर निम्मी तक्रार वाचते.

मग करायचं काय? आठवड्यातला सगळ्यात जड सराव पार्टीच्या आधी उरकायचा. लाँग रन शनिवारी सकाळी, पार्टी शनिवारी रात्री, रविवार मोकळा. बदल एवढाच, पण तो केल्यावर नवी चूक करायला जागा मिळते: सकाळी पळून, दुपारी नीट न खाता, संध्याकाळी थेट पहिला ग्लास.

पळून झाल्यावरचे सात-आठ तास फार मोलाचे. आधी आणि नंतर वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लीटर पाणी, थोडं थोडं करून, आणि सोबत मीठ असलेलं खाणं. नुसतं पाणी ढोसलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. पहिल्या चार तासांत दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला तासाला ७०. प्रत्येक मोठ्या खाण्यात २० ते ३० ग्रॅम प्रथिनं. दुपारी तासभर झोप मिळाली तर उत्तमच, कारण रात्रीची जाणारच आहे.

हे सगळं दारूच्या आधी का, याचं उत्तर प्रयोगांनी दिलं आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आठ पुरुषांना कसून व्यायाम करायला लावून नंतर वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं. स्नायूंमधल्या प्रथिनांची बांधणी सोबत प्रथिनं घेऊनही २४ टक्क्यांनी घटली, आणि प्रथिनांऐवजी कर्बोदकं घेतली तेव्हा ३७ टक्क्यांनी. मात्रा मोठी होती, ७० किलोच्या माणसाला १०५ ग्रॅम. एक-दोन ग्लासांना हा आकडा लावू नये. ग्लायकोजेनच्या बाबतीत मुख्य गोम वेगळी निघते: दारू जेवणाची जागा घेते. पोट भरल्यासारखं वाटतं आणि भरणी राहून जाते. म्हणून दारूसोबत चकणा नाही, दारूआधी जेवण. भरल्या पोटी अल्कोहोल सावकाश चढतं, तो फायदा वेगळाच.

रात्रीचा नियम एकच ठेवा, पण घरून निघताना ठरवा: किती, आणि शेवटचा ग्लास किती वाजता. तिथे पोचल्यावर केलेला निर्णय तिसऱ्या ग्लासाला टिकत नाही. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, कारण अल्कोहोल लघवी रोखणारं हार्मोन दाबतं. एक ग्रॅममागे साधारण १० मिलीलीटर जादा लघवी धरली, तर चार पेगांना पाऊण लीटर. शरीर आधीच कोरडं असेल तर परिणाम कमी होतो, पण ते काही समाधान नव्हे.

हातात ग्लास हवा, एवढीच अडचण असेल तर बिनअल्कोहोलची बिअर खरंच कामाची आहे. २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनमधल्या २७७ धावपटूंच्या अभ्यासात, ती रोज एक ते दीड लीटर पिणाऱ्यांना स्पर्धेनंतर सर्दी-घशाचे आजार कमी झाले. तुलना तशाच, पण वनस्पतीतली पॉलिफेनॉल द्रव्यं काढून टाकलेल्या पेयाशी होती. आणि पाणी भरून काढायला दोन टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलं पेय फारसं आड येत नाही. चार टक्क्यांवर मात्र रक्ताचं आकारमान भरून यायला उशीर होतो. ‘बिअरने रिकव्हरी होते’ हे वाक्य इथेच मोडतं.

(दृश्य: रविवारची सकाळ. नाडी मोजणारी बोटं.)

उठल्यावर आधी नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असेल तर पळणं रद्द, अर्धा तास चालणं पुरे. नाडी ठीक असेल, हिशेबाप्रमाणे दारू उतरलेली असेल आणि पोटात काही टिकत असेल, तर बोलता येईल अशा वेगाने ३० ते ४० मिनिटं. इंटरव्हल आणि टेम्पो, म्हणजे वेगाचे जड सराव, मंगळवारच्या आधी नको. रहदारीत सायकल नको, एकट्याने उघड्या पाण्यात पोहणं तर मुळीच नको. उतारा म्हणून आणखी एक ग्लास घेतला की वरचं सगळं गणित पुढे सरकतं.

वेदनाशामकांबाबत हात आखडता ठेवा. आयबुप्रोफेन कोरड्या शरीरात मूत्रपिंडावर आणि पोटावर ताण देतं. पॅरासिटामॉल यकृताच्या वाटेने जातं, आणि यकृत आधीच कामात असतं. छातीत धडधड अनियमित वाटली तर पळून ‘घालवायची’ नाही, तपासायची. जोरदार पिण्यानंतर हृदयाची लय बिघडते, याला १९७८ पासून वैद्यकात ‘हॉलिडे हार्ट’ असं नावही आहे.

मोसमाप्रमाणे सूट कमी-जास्त करावी लागते. पायाभरणीच्या महिन्यांत एखादी मोठी रात्र खपून जाते. स्पर्धेआधीच्या सहा ते आठ आठवड्यांत, जेव्हा दर आठवड्याचा जड सराव मागच्या सरावावर उभा असतो, तेव्हा एका रात्रीने दोन सराव जातात. टेपरमध्ये, म्हणजे स्पर्धेआधी सराव उतरवत नेण्याच्या काळात, मैल कमी झालेले असतात, हातात वेळ असतो, आणि नेमकी तेव्हाच माणसं घसरतात. शेवटचे दहा दिवस कोरडे ठेवणं सोपं आणि सगळ्यात फायद्याचं.

धावणं आणि पिणं यांची सोयरीक जुनी आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन आणि ब्रँडी पाजली होती. शेवटी त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. १९३८ मध्ये क्वालालंपूरला सुरू झालेल्या हॅश हाउस हॅरिअर्स या पळणाऱ्यांच्या मंडळाने तर पळून झाल्यावरची बिअर हाच कार्यक्रम करून टाकला. मैत्रीसाठी ते ठीक, पण त्यांच्यात वेळेच्या नोंदींचा आग्रह नसतो.

स्पर्धेच्या रात्रीची पार्टी कुणी टाळत नाही, टाळायची गरजही नाही. पण त्या दिवशी ग्लायकोजेन तळाला आणि पाणी कमी असतं, त्यामुळे दोन ग्लास चारसारखे चढतात. अंतिम रेषेनंतर दोन जेवणं होऊ द्या, लघवी फिकी पिवळी होऊ द्या, मग पहिला ग्लास. एकटं घरी जाऊ नका, गाडी दुसऱ्याने चालवावी, आणि झोपण्याआधी काहीतरी खारट आणि कर्बोदकांचं खाऊन झोपा.