सोमवारची सुट्टी

नमस्कार मंडळी. रेडिओवर दहा मिनिटं दिलीत मला आणि म्हणाले विषय कुठलाही घ्या, घर, काम, छंद, जुन्या आठवणी, काय वाटेल ते. आता कारखान्यातल्या माणसाला सलग दहा मिनिटं बोलायची सवय नसते हो, आवाज इतका असतो की निम्मं बोलणं आम्ही हातवारे करूनच उरकतो. तरी बघू जमतंय का.

मी पॅटर्नमेकर. म्हणजे फाउंड्रीत जो माल ओततात त्याचा आधी लाकडाचा नमुना करणारा. पंप असो, गिअरबॉक्स असो, ट्रॅक्टरचा एखादा पार्ट असो, आधी तो सागवानात आमच्या हातातनं जातो, मग तो रेतीत दाबतात, काढून घेतात, आणि जी पोकळी उरते त्यात रस, म्हणजे वितळलेला धातू, ओततात. कोल्हापुरात फाउंड्री म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको, पण रेडिओ लांबपर्यंत ऐकू जातो म्हणून सांगितलं.

तर माझा विषय सोमवार. आमच्या उद्यमनगरात आणि शिरोलीकडच्या कारखान्यांना सुट्टी सोमवारची असते. पिंपरी-चिंचवडला गुरुवारची. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून वार वाटून दिले, ते तसेच चालत आले. कागदावर ठीक आहे, पण घरात काय होतं बघा. पोरांची शाळा रविवारी बंद. आमची मंडळी पतसंस्थेत, तिलाही रविवारच. म्हणजे घर भरलेलं असतं तेव्हा मी कामावर, आणि मी घरी असतो तेव्हा घरात मी आणि बेसिनमधली भांडी. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय, आणि आता दोन्ही पोरं मोठी झाली तरी आमच्या चौघांच्या सुट्टीचा मेळ काही बसलेला नाही.

सोमवारचा एक फायदा सांगतो, म्हणजे फायदा की तोटा ते तुम्हीच ठरवा. बँक, पोस्ट, तलाठी, नगरपालिका, लाईटबिल, गॅस, सगळं सोमवारी उघडं असतं. त्यामुळं जिथं जिथं रांग आहे तिथं तिथं घरातला उमेदवार एकच. पोरांचे दाखले मी काढले, जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासी, डोमिसाईल, सगळे. शेजारचेसुद्धा म्हणायचे, तुम्ही सोमवारी जाणारच आहात तर आमचं पण एवढं बघा की. घरपट्टीच्या खिडकीवरचा माणूस बदलला तरी नवीन येणारा आठवड्याभरात मला ओळखायला लागायचा.

कामाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात मला अजूनही मजा वाटते. आमच्याकडं जी पट्टी असते ना, ती तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीसारखी नसते. श्रिंकेज स्केल म्हणतात तिला. तिच्यावरचा मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा जरासा मोठा असतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळतं साडेअकराशे-बाराशे अंशांच्या आसपास, आणि गार होताना आक्रसतं, साधारण १ टक्का, म्हणजे मीटरला १० मिलिमीटर. पोलाद जवळपास दुप्पट. त्यामुळं नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि ते गणित दरवेळी डोक्यात करायला नको म्हणून पट्टीच तशी. वर मशिनिंगसाठी जादा माल ठेवायचा, रेतीतनं सुटायला टेपर, म्हणजे बाजूंना जरासा उतार, द्यायचा, आत पोकळी हवी असेल तर कोअरसाठी, म्हणजे आत बसवायच्या रेतीच्या गाभ्यासाठी, वेगळी पेटी करायची. धाकटी लहान असताना तिनं एकदा तीच पट्टी दप्तरात घालून नेली. भूमितीच्या पेपरात सगळ्या रेघा थोड्या थोड्या लांब. बाईंनी मला बोलावलं, नशीब माझं, सोमवारीच बोलावलं.

आता लोक म्हणतात बघा, पोरगं अगदी बापाच्या साच्यातनं काढलंय. हे बोलणाऱ्यांनी साचा कधी बघितलेला नसतो असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच पॅटर्नवर सकाळी ओतलेला माल आणि दुपारी ओतलेला माल सारखा येईलच असं नाही. रेतीत ओल किती होती, रस किती गरम होता, मोल्डरनं रेती किती ठोकली, सगळ्यावर असतं. माझा थोरला माझ्यासारखा एका बाबतीत नाही. मी लाकडाला हात लावल्याशिवाय विचार करू शकत नाही आणि तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून थ्रीडी मॉडेल करतो, डिझाईनच्या हापिसात. त्याच्याकडं श्रिंकेज म्हणजे एक टक्का असा एक आकडा टाकायचा, बटण दाबायचं, झालं. मग ते सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जातं आणि अॅल्युमिनियमचा नाहीतर रेझिनचा पॅटर्न तयार, लाकूड फुगायची भीती नाही की तडकायची नाही. चांगलंच आहे ते, मी उगाच नाकं मुरडत नाही. फक्त मी त्याला एकदा विचारलं, मोल्डर पॅटर्न काढायच्या आधी त्याला चारी बाजूनं ठोकून सैल करतो, त्यानं साचा जरासा मोठा होतो, ते तुझ्या कॉम्प्युटरला माहीत आहे का? तो म्हणाला, पप्पा, तुमचा मोल्डर कोण आहे त्यावर असतं ते. मी म्हटलं, मग तेच तर मी म्हणतोय. जुन्या मोल्डरचा हात हलका, नव्याचा जड, आम्ही माणूस बघून अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं करायचो. त्या दिवशी रात्री जेवताना आमचं यावर एक तास चाललं आणि मंडळी म्हणाली, तुमचं दोघांचं लोखंड झालं असेल तर ताटं उचला.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, शाहू मिलमध्ये होते. १९०६ साली शाहू महाराजांनी सुरू केलेली मिल. तिच्या भोंग्यावर आमच्या गल्लीचं घड्याळ चालायचं, आई भोंगा झाला की भाकरी टाकायला घ्यायची. आण्णांची पाळी बदलती, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात आम्ही भावंडं दिवसा घरात कुजबुजत बोलायचो कारण आण्णा झोपलेले. बाप म्हटलं की मला आधी ती पांघरलेली चादर आठवते, खरंच. बोलणं कमीच व्हायचं. मिल २००३ मध्ये बंद झाली, त्याच्या आधीच ते रिटायर झाले होते, पण पहाटे ठरलेल्या वेळेला उठून चहा मागायचं काही त्यांनी सोडलं नाही.

पण एक गोष्ट आण्णांनी केली. फुटबॉल. बाहेरगावच्या लोकांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती, आणि ते बरोबरच आहे, पण इथं पेठापेठांत फुटबॉल भिनलेला आहे. आणि गंमत म्हणजे टीमची नावंसुद्धा तालमींची, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. मूळच्या कुस्तीच्या तालमी, त्यांचेच पुढं फुटबॉलचे संघ झाले. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आण्णा मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. कुठल्या टीमचे ते मी सांगणार नाही, निम्मे श्रोते रेडिओ बंद करतील. तिथं ते मोठ्यानं ओरडायचे, रेफ्रीला काय काय बोलायचे, मला शेंगदाणे घेऊन द्यायचे, घरी बघितलेला माणूस हाच का असं वाटायचं.

मीही तेच केलं पोरांच्या बाबतीत. मॅच संध्याकाळी असली की ड्युटी सुटल्यावर डबा हातात तसाच, थेट स्टेडियम. थोरल्याला त्यात रस नव्हता, तो मोबाईल बघत बसायचा. धाकटीला मात्र लागलं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला, भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा. भारत तिन्ही मॅच हरला ते जाऊ दे, पण आमच्या गल्लीत टीव्हीसमोर सगळी गल्ली. दुसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, पप्पा, मी पण खेळतो. मंडळींनी माझ्याकडं बघितलं. मी गप्प भाकरी मोडली. आता ती कॉलेजच्या टीममध्ये आहे, डाव्या बाजूनं खेळते, आणि गुडघे कायम फुटलेले. आमची आई म्हणायची पोरीच्या जातीला कशाला, आता तीच हळद घेऊन बसते.

चौघांना एकत्र सुट्टी मिळाली ती दोनदाच, एक लॉकडाऊनची, ती तर सगळ्या जगाला होती, आणि एक महापुराची. २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापुरात पावसाळ्यात लोक दोन आकडे पाठ ठेवतात, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी ३९ फुटावर गेलं की इशारा, ४३ ला धोका. त्या वर्षी ते ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प, कामावर जायचा प्रश्नच नाही. आमचं घर जरा उंचावर म्हणून वाचलं, खालच्या गल्लीतली दोन कुटुंबं आमच्याकडं. लाईट नाही, दूध नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि दिवसभर एकच विषय, राधानगरीचं किती दार उघडलं. स्वयंचलित दरवाजे आहेत ते, धरण भरलं की आपोआप उघडतात, पण आमच्या गल्लीत जणू कुणीतरी तिथं बसून हँडल फिरवतंय अशा थाटात चर्चा. माझ्याकडं सागवानाचे तुकडे पडलेले होते, ते घेऊन मी पोरांना बैल करायला बसवलं. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, होऊन गेला होता, पण वेळ घालवायला दुसरं काय. थोरल्यानं बैलाचं मापासकट ड्रॉइंग काढलं, धाकटीनं ड्रॉइंग न बघता तासून टाकला, शिंगं एक वर एक खाली. दोन्ही बैल अजून शोकेसमध्ये आहेत. सुट्टी म्हणून विचारलंत तर तीच चांगली गेली असं मी म्हणणार नाही, लोकांची घरं गेली त्यात, जनावरं गेली. पण चौघं एका खोलीत इतके दिवस होतो, हे खरं.

लाकडाचं काम आता कमी होत चाललंय. आमच्या शॉपमध्ये लाकडावर हात असलेले आम्ही थोडेच उरलोय, रिपेअरीचं काम जास्त, नवीन कमी. नवीन पोरांना शिकवायला सांगतात, ती शिकतात पण. हुशार आहेत. फक्त रंधा धरताना सारखी घड्याळाकडं बघतात, पण त्यात त्यांचं काय चुकलं, रविवारी काम करायचंय म्हटल्यावर मीसुद्धा बघतोच की.

बरं, ते आतनं बोट दाखवायला लागलेत, वेळ होत आली. येत्या रविवारी धाकटीची इंटर-कॉलेजची मॅच आहे, सकाळी नऊला. रविवार, म्हणजे माझी ड्युटी. सुट्टी मागितलीय, सोमवारी येऊन भरून काढतो म्हटलंय. सुपरवायझर म्हणाला, सोमवारी शॉपचं शटर कोण उघडणार, तुम्ही? बघू म्हणालाय. नाही मिळाली तर थोरला व्हिडिओ काढणार आहे, त्याला मी आत्ताच बजावून ठेवलंय, मोबाईल आडवा धर आणि बॉलच्या मागं फिरव, स्वतःकडं नको. नमस्कार.