स्टँड काढल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला गेलात, तर व्हायोलिनवाल्यांच्या जोड्यांकडे जरा लक्ष द्या. दोघांत मिळून नोटेशनचा एकच स्टँड असतो. पान संपत आलं की आतल्या बाजूचा वादक गज थांबवतो, पटकन पान उलटतो आणि पुन्हा वाजवू लागतो. तेवढा वेळ जोडीदार एकटा किल्ला लढवतो. शंभर जणांच्या ताफ्यात हे कुणाला कळतही नाही. चेंबर ऑर्केस्ट्रात, म्हणजे छोट्या वाद्यवृंदात, मात्र माणसंच पंचवीस-तीस. तिथे एक गज थांबला तरी कानाला लागतो.

लंडनमध्ये २००५ साली वाद्यवृंद-संचालक निकोलस कॉलन आणि त्याच्या तरुण सोबत्यांनी अरोरा ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे या मंडळींनी स्टँडच काढून टाकले. २०१४च्या बीबीसी प्रॉम्समध्ये, म्हणजे लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी मोझार्टची चाळिसावी सिम्फनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, कागदाशिवाय वाजवली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आपले गवई कुठे कागद घेऊन बसतात? खरंय. पण आपल्या गवयाला बंदिशीभोवती हिंडायची मुभा असते. इथे लिहिलेला स्वर जागचा हलत नाही. त्यातही व्हायोलिनवाल्यांचं बरं. त्यांच्या वाट्याला चाल येते, ती डोक्यात घोळत राहते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचंच थोडं मोठं, खालच्या सुरातलं भावंड; त्याच्या वाट्याला येते ती बरेचदा मागची नुसती धडधड. आणि हॉर्न हे पितळी वाद्य फुंकणाऱ्याला, कुठे किती वेळ गप्प बसायचं, तेही पाठ करावं लागतं!

पण स्टँड गेले की पाय मोकळे होतात. वादक उभं राहू शकतो, शेजाऱ्याकडे वळू शकतो, नटाला वाट करून देऊ शकतो. २०१९च्या प्रॉम्समध्ये याच चमूने फ्रेंच संगीतकार बर्लिओझची 'सिम्फनी फँटास्टिक' पाठ वाजवली, तीही नट आणि प्रकाशयोजनेच्या साथीने. दिव्यांचा खेळ अशा ठिकाणी अंमळ जास्त होतो, असं माझं मत. सूर धरताना दोन वादकांची नजरानजर होते, तेवढं नाट्य मला पुरतं.

संगीत आणि नाटकाची ही सोयरीक काही आजची नाही. १९१८मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या ओढगस्तीत, रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीने 'सैनिकाची गोष्ट' रचली. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला तिचा पहिला प्रयोग झाला. वादक फक्त सात. जोडीला निवेदक, नट आणि नर्तिका. गोष्ट अशी, की सैनिक आपलं व्हायोलिन सैतानाला देऊन बसतो. आणि त्याच व्हायोलिनवर पुढे टँगो, वॉल्ट्झ, रॅगटाइम असे तीन नाच एकामागून एक येतात. शैलींची सरमिसळ म्हणतात ती हीच.

असो. आता मोझार्टच्या त्याच सिम्फनीचा पहिला भाग ऐकू या. व्हायोलिनची ओळखीची चाल येईलच. पण तिच्या क्षणभर आधी व्हायोला सुरू होतात, अगदी हळू. कान तिकडे असू द्या.