ड्वार्फांचा देव आणि ड्वार्फांचं मरण

नमस्कार. विषय फलकावर लिहिलेलाच आहे: ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या कथांतले ड्वार्फ, म्हणजे डोंगरात राहणारे बुटके कारागीर लोक, यांचा धर्म. तुम्ही सगळे वाचून आलेले आहात, त्यामुळे एरेबोर आणि मोरिया ही त्यांची डोंगरातली नगरं कुठे हे सांगण्यात वेळ घालवत नाही. धर्माकडे येतोच. त्याआधी एक तक्रार आहे, ती बोलून टाकल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

या लोकांवर ‘लोभी’ असा शिक्का बसला आहे. दाढी, कुऱ्हाड, सोनं, की झाली ओळख. लोभ नव्हताच असं मी म्हणत नाही. दुष्ट सॉरॉनकडून आलेल्या सात जादूच्या अंगठ्यांनी तो पेटवला हे खरं. पण त्याच अंगठ्यांनी त्यांची मनं सॉरॉनला ताब्यात घेता आली नाहीत, हे कुणी सांगत नाही. आणि हेल्म्स डीप या किल्ल्याच्या मागच्या गुहा पाहून आलेला ड्वार्फ गिमली आठवा. तिथे हिरे निघाले तरी आमच्यातला कुणी खणणार नाही, म्हणतो. दिवसभर जीव मुठीत धरून काम करायचं आणि संध्याकाळपर्यंत दगडाची एक कपची काढायची, एवढंच. हे लोभी माणसाचं बोलणं आहे का?

मला विचाराल तर हे लोक ओळखायचे ते त्यांच्या मयतांवरून. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टातली, मोरियासमोरच्या अझानुलबिझार खोऱ्यातली लढाई बरेच जण चाळून पुढे जातात. माझी विनंती आहे, ती सावकाश वाचा. म्हातारा राजा थ्रोर नार नावाच्या एकट्या सोबत्याला घेऊन मोरियाच्या दाराशी जातो आणि आत शिरतो. नार बाहेर थांबून राहतो. काही दिवसांनी आतून येतं ते थ्रोरचं प्रेत, शिर वेगळं केलेलं, कपाळावर अझोगचं, म्हणजे मोरिया बळकावलेल्या राक्षसी ऑर्कांच्या सरदाराचं, नाव डागलेलं, तेही ड्वार्फांच्याच लिपीत. वर चार नाण्यांची थैली नारच्या अंगावर फेकलेली. ही बातमी ऐकून थ्रोरचा मुलगा थ्राइन सात दिवस बसून राहतो, बोलत नाही. मग उठतो आणि युद्ध सुरू होतं. ते संपतं तिसऱ्या युगाच्या २७९९ साली, मोरियाच्या पूर्वेकडच्या दरवाजासमोर. जिंकतात ड्वार्फच. पण जेमतेम निम्मे पायावर उभे आहेत किंवा वाचण्यासारखे आहेत.

आता प्रश्न येतो मृतांचा. ड्वार्फ आपला माणूस मातीत ठेवत नाहीत, फक्त दगडात ठेवतात. एवढ्यांसाठी दगडी थडगी घडवायची तर कित्येक वर्षं गेली असती. म्हणून त्यांनी खोऱ्यातली झाडं तोडली, चिता रचल्या आणि सगळ्यांना जाळलं. धूर लोरिएन या एल्फांच्या वनापर्यंत दिसला. ते खोरं पुढे कायमचं उघडं राहिलं. आपल्याकडे अग्नी देणं म्हणजे माणसाची नीट बोळवण करणं, त्यामुळे मराठी वाचक इथे थबकत नाही. त्यांच्या दृष्टीने मात्र हा अनर्थ होता, आचार मोडला होता. आणि त्या मोडलेल्या आचाराचंच पुढे भूषण झालं. पुढच्या पिढ्यांत कुणी अभिमानाने म्हणायचा, आमचा पूर्वज जाळलेल्यांपैकी होता, आणि तेवढं म्हटलं की पुरे. मला या लोकांबद्दल जे प्रेम आहे, ते या एका परिच्छेदापासून आहे.

जाता जाता दुरिनच्या, म्हणजे त्यांच्या आद्य पूर्वजाच्या, दिवसाबद्दल. त्यांचं वर्ष शरदातल्या शेवटच्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी सुरू होतं, आणि त्या दिवशी सूर्य-चंद्र एकत्र आकाशात दिसले तरच तो दुरिनचा दिवस. ज्या घरात पंचांगात चंद्रदर्शन बघतात, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. पण ‘द हॉबिट’मधला थ्राइनचा मुलगा थोरिन काय म्हणतो? असा दिवस पुन्हा कधी येईल हे काढणं आता आमच्या आवाक्याबाहेर गेलंय. म्हणजे घर तर गेलंच, सणाचं गणितही गेलं. मला ड्रॅगनने नेलेल्या सोन्यापेक्षा हे नुकसान मोठं वाटतं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली आहेत. तर धर्म.

१९७७ साली, टॉल्किनच्या मृत्यूनंतर, ‘द सिल्मरिलियन’ छापून आलं. त्यात औले हा कारागीर देव धीर न धरवल्यामुळे, सगळ्याचा निर्माता जो इलुवातार त्याला न विचारता, सात ड्वार्फ घडवतो. इलुवातार जाब विचारतो तेव्हा औले रडत हातोडा उचलतो, आपणच केलेलं मोडायला. आणि ते सातजण अंग चोरतात, दया मागतात. तोवर औलेच्या मनात आलं तरच हलणारे ते, आता स्वतःहून घाबरले, म्हणजे त्यांना स्वतःचा जीव मिळालेला होता. इलुवातारने त्यांना दत्तक घेतलं, पण अट घातली: त्याच्या योजनेतली पहिली प्रजा, म्हणजे एल्फ, जागे होईपर्यंत दगडाखाली झोपायचं.

माझं म्हणणं एवढंच, की सगळे आचार इथून निघतात. जी प्रजा योजनेत नव्हती, ती आपलं म्हणून जे आहे ते घट्ट धरणारच. खरं नाव परक्याला सांगायचं नाही, थडग्यावरही कोरायचं नाही. मोरियातल्या ड्वार्फ बालिनच्या थडग्यावर ‘बालिन’ आहे, ते बाहेरचंच नाव. लग्न आयुष्यात एकदाच. स्त्रिया एक तृतीयांशाहून जास्त नाहीत, त्यातल्याही काहींना नवरा नकोच असतो, तर काहींना हवा तो मिळाला नाही की दुसरा चालत नाही. इतक्या वंशावळीत नावाने येणारी स्त्री एकच, थोरिनची बहीण डीस.

आणि मरणानंतर? एल्फ सांगत, हे मेले की पुन्हा दगड होतात. ड्वार्फ स्वतः वेगळं सांगत: महाल, म्हणजे औलेच, आम्हाला मान्डोसमध्ये, म्हणजे मृतांच्या वाड्यात, वेगळ्या दालनात जमवतो, आणि शेवटच्या लढाईनंतर जग पुन्हा उभारायचं असेल तेव्हा आम्ही त्याच्या हाताखाली काम करू. पहिले सात बाप अधूनमधून आपल्याच वंशात परत जन्मतात असंही ते मानत. दुरिन नावाचे राजे म्हणून. जगाच्या अंतानंतर विश्रांती न मागता काम मागणारा परलोक मी दुसरीकडे वाचलेला नाही. एल्फांचं मत टिपून ठेवणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मी या बाबतीत ड्वार्फांचा शब्द प्रमाण मानतो, कारण मरणार ते आहेत.

पुनर्जन्माबद्दल बरंच राहिलं. प्रश्न असतील तर तिथूनच सुरू करू.